शेवंडीच्या मादीची प्रजननावस्था

डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत पसरलेल्या आपल्या किनाऱ्यावर जे जे म्हावरे बंदराला लागते, त्यात नगास नग धरला तर शेवंडीइतका भाव क्वचितच दुसऱ्या कोणाला येतो. आणि ज्या जिनसेला मोल अधिक तिच्यामागे जाळीही अधिक, हा समुद्रावरचा जुना अनुभव असल्यामुळे, पाण्याखाली हिंडणाऱ्या माद्यांपैकी किती वयात आल्या आहेत, कितींचा नराशी संयोग झाला आहे, कितींनी पोटाखाली अंडी धरली आहेत आणि कितींची पिल्ले नुकतीच पाण्यात सुटली आहेत, याची मोजदाद करणे हे शेवंडीच्या वंशाची काळजी वाहणाऱ्या प्रत्येकाचे पहिले काम होऊन बसते. या प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळेत मिळवणे फारसे अवघड नाही. मादी मारावी, कवच कापावे, अंडाशय बाहेर काढून त्याचा रंग पाहावा, वजन करावे, त्याचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरावा, म्हणजे तिची अवस्था निःसंशय कळते. परंतु अशी परीक्षा जिची झाली ती मादी पुढे अंडी घालीत नाही. आणि जिच्या रक्षणासाठी हा सारा खटाटोप तिचाच बळी ज्या पद्धतीने पडतो, ती पद्धत शास्त्राला कितीही प्रिय असली तरी रोजच्या व्यवहारात तिचा वापर बेताने करणेच इष्ट. सुदैवाने शेवंडीच्या बाबतीत निसर्गाने पुष्कळसा पुरावा तिच्या शरीराच्या बाहेरच्या अंगावर नोंदवून ठेवला आहे. तो जिवंत मादीवर, होडीच्या फळीवर, मिनिटभरात वाचता येतो. मात्र त्यातील प्रत्येक खूण वेगळ्या वेळेची असते आणि एका खुणेचे काम दुसरीवर सोपवता येत नाही, एवढे पक्के ध्यानात ठेवले पाहिजे.

शेवंड म्हटली की आपल्याकडे मुख्यतः जी जात डोळ्यांसमोर येते ती पॅन्युलिरस पॉलिफॅगस ही होय. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हर्ब्स्ट याने १७९३ साली तिचे वर्णन केले. मुंबई आणि गुजरातच्या उथळ, गढूळ, चिखलाळ तळाच्या समुद्रात ती सुखाने नांदते; रंग हिरवट करडा, आणि शेपटीच्या प्रत्येक खंडावर एक फिकट आडवा पट्टा. अमेरिकेच्या आणि युरोपच्या उत्तर किनाऱ्यांवरील जी लॉब्स्टर चित्रांतून आपल्या परिचयाची झाली आहे, तिला दोन भले मोठे नांगे असतात. आपल्या काटेरी शेवंडीला ते नाहीत, तिचे संरक्षण लांब, काटेरी मिशांवर आणि कवचावरील कंटकांवर अवलंबून असते. या दोन कुळांतील फरक केवळ रूपाचा नाही. त्यांच्या संयोगाची, शुक्र साठवण्याची आणि अंडी वाहण्याची रीत भिन्न असल्यामुळे त्यांच्या माद्यांची परीक्षाही भिन्न मार्गांनी करावी लागते, हे पुढे दिसेलच.

प्रथम मादी ओळखावी. शेवंडीला पाठीच्या कवचावर धरून उलटी केली (मिशांना धरून उचलू नये, त्या सहज तुटतात) की चालण्याच्या पायांच्या पाच जोड्या दिसतात. नराची जननरंध्रे पाचव्या जोडीच्या बुडाशी असतात, मादीची तिसऱ्या जोडीच्या बुडाशी. शिवाय मादीच्या पाचव्या पायाचे टोक एका इवल्याशा चिमट्यात संपते; नराच्या पायाला तो चिमटा नसतो. हा चिमटा दिसायला क्षुल्लक असला तरी मादीच्या आयुष्यातील दोन मोठी कार्ये, शुक्राचा साठा उकरणे आणि अंड्यांची निगा राखणे, त्याच्याच साहाय्याने पार पडतात. शेपटीच्या खालच्या बाजूस पानांसारख्या उपांगांच्या चार जोड्या असतात. नराचे प्रत्येक उपांग एकेरी असते, मादीचे दुहेरी: बाहेरचे पाते रुंद, आणि आतली शाखा अंडी धरण्यासाठी बनलेली.

या आतल्या शाखेवरच वयात येण्याची पहिली विश्वसनीय खूण उमटते. कोवळ्या मादीच्या या शाखेवर आखूड, विरळ रोम असतात. ती वयात येताना जी कात टाकते त्या कातेनंतर तेथे लांब, मऊ, दाट रोमांचे झुबके उगवतात, आणि पुढे अंडी चिकटायची ती याच रोमांना. म्हणून रोम पुरते वाढलेली मादी अंडी धरण्यास समर्थ झाली आहे, असे समजण्यास हरकत नाही. तथापि हे सामर्थ्य आहे, कृती नव्हे. रोम आले म्हणजे अंडाशय पिकलेच असे नाही, आणि नर भेटलाच असेही नाही. शिवाय थंड पाण्याच्या काही जातींत, उदाहरणार्थ पश्चिम ऑस्ट्रेलियातील पॅन्युलिरस सिग्नस या जातीत, प्रजननाचा हंगाम सरल्यावर मादी कात टाकते तेव्हा हे लांब रोम नाहीसे होतात आणि पुढल्या हंगामाआधीच्या कातेत पुन्हा येतात. त्या मुलखात हंगामाबाहेर मोजणी करणाऱ्याने रोम नाहीत एवढ्यावरून मादीला अल्पवयीन ठरवले, तर तो एका पोक्त मादीची नोंद बालिका म्हणून करील. याच जातीच्या रक्षणासाठी पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९९० च्या दशकात केवळ अंडीवाल्याच नव्हे तर रोमवाल्या माद्याही समुद्रात परत सोडण्याचा नियम केला होता, आणि त्यामागील विचार अगदी सरळ होता: जी अंडी धरण्याच्या तयारीत आहे तिला अंडी धरू द्यावी.

दुसरी खूण संयोगाची. आपल्या शेवंडीचा नर मादीच्या छातीवर, पायांच्या मधल्या ढालीवर, शुक्रपुंजाचा एक लेप चिकटवतो. ताजा असताना तो फिकट आणि मऊ असतो. पाण्याच्या संपर्काने थोड्याच वेळात घट्ट होतो आणि काळवंडतो, इतका की ऑस्ट्रेलियातील मच्छीमार त्याला डांबराचा ठिपकाच म्हणतात. एकदा हा लेप बसला की मादीपाशी शुक्राची शिदोरी तयार असते. अंडी घालण्याची वेळ आली म्हणजे ती शेपूट पोटाखाली वळवून एक पोकळ कोश करते, पाचव्या पायाच्या चिमट्यांनी लेपाचे कवच ओरबाडून आतले शुक्र मोकळे करते, आणि तिसऱ्या पायांच्या रंध्रांतून बाहेर पडणारी अंडी त्यावरून वाहत, फलित होत, उपांगांच्या रोमांवर जाऊन चिकटतात. या साऱ्या क्रियेची खूण लेपावर राहते. ज्या लेपावर ओरखडा नाही तो वापरलेला नाही. जो खरवडून झिजला आहे त्यातून एकदा तरी अंडी फलित झाली आहेत.

या दोन खुणांच्या जोडीला पोटाखालची अंडी घेतली म्हणजे परीक्षकाला बरीच निश्चित विधाने करता येतात. लेप अखंड आणि अंडी नाहीत, तर मादीचा संयोग झाला असून ती लवकरच अंडी घालणार. लेप झिजलेला आणि अंडी पोटाखाली, तर ती अंडी वाहत आहे. लेप झिजलेला, अंडी नाहीत, परंतु रोमांना रिकाम्या टरफलांचे तुकडे आणि बारीक देठ लोंबत आहेत, तर पिल्ले नुकतीच सुटली आहेत. लेपच नाही आणि कवच स्वच्छ, नवे, कोठेही शिंपला वा शेवाळ न बसलेले, तर तिने अलीकडेच कात टाकली आहे. लेप छातीच्या कवचावर असतो, त्यामुळे कातेबरोबर तोही गळून जातो, आणि म्हणून लेप नसणे हा ती कधीच नराला भेटली नसल्याचा पुरावा होऊ शकत नाही. दक्षिण गोलार्धातील जेसस वंशाच्या शेवंडीत तर असा टिकाऊ काळा लेप बसतच नाही, आणि आपल्याकडील चपट्या शेवंडीत लेप चिकट द्रवासारखा असून थोड्याच काळात विरून जातो. तेव्हा तेथे ही खूण शोधत बसणे व्यर्थ. नांगेवाल्या अमेरिकन लॉब्स्टरची तऱ्हा आणखी निराळी. तिची मादी कात टाकल्यावर, अंग मऊ असतानाच नराला भेटते, शुक्र छातीतील एका बंद पिशवीत साठवते आणि दीर्घकाळ जपून ठेवते; बाहेरून पाहणाऱ्याला तिच्या संयोगाचा मागमूस लागत नाही.

आता अंड्यांविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण सामान्य कोळ्यालाही जी खूण दुरून दिसते ती हीच. आपल्या स्वयंपाकघरात जिला गाभोळी म्हणतात ती अंडाशयातील, अजून पोटात असलेली अंडी. शेवंडीच्या शेपटीखाली जो घोस दिसतो तो त्याच्या पुढच्या अवस्थेचा, बाहेर पडून फलित झालेला. एकेक अंडे सुमारे अर्ध्या मिलिमीटरचे, खसखशीच्या दाण्याहूनही बारीक, आणि मोठ्या मादीपाशी अशा अंड्यांची संख्या लाखांच्या घरात जाते. नुकती घातलेली अंडी झळझळीत नारिंगी असतात. त्यातला बलक गर्भ खात जातो तसा रंग उतरत जातो. मग प्रत्येक अंड्यात डोळ्यांचे दोन काळे ठिपके भिंगातून दिसू लागतात, पुढे नुसत्या नजरेलाही जाणवतात. आणि अखेरीस घोस करडा-तपकिरी होतो, तेव्हा पिल्ले सुटण्यास फार अवकाश उरलेला नसतो. उष्ण पाण्यात हा सारा प्रवास सुमारे महिनाभरात आटोपतो. उत्तर अमेरिकेच्या थंड समुद्रात त्याच कामास नऊ ते बारा महिने लागतात, आणि त्यामुळे तेथील अंडीवाल्या मादीला मारणे म्हणजे वर्षभराची मेहनत बुडवणे होय. नोंदवहीत नुसते 'अंडी आहेत' असे लिहून थांबू नये; रंग लिहावा, डोळे दिसतात की नाही ते लिहावे. महिनोन्‌महिने ठेवलेल्या अशा नोंदींतूनच त्या किनाऱ्यावर अंडी कधी घातली जातात आणि पिल्ले कधी सुटतात, याचा हंगामवार हिशेब उभा राहतो.

अंड्यांची गणना करायची झाल्यास सारी मोजण्याचा अट्टहास कोणी करीत नाही. घोस काळजीपूर्वक सोडवून, पाणी निपटून त्याचे एकूण वजन करतात. त्यातील अगदी लहान, वजन केलेला अंश घेऊन त्यातली अंडी भिंगाखाली मोजतात, आणि त्रैराशिकाने एकूण संख्या काढतात. यातही एक मेख आहे. उष्ण प्रदेशातील शेवंड एका हंगामात एकदाच विते असे नाही. पोटाखालची अंडी पिकत असतानाच आत अंडाशय दुसऱ्या खेपेसाठी भरू लागतो, आणि जुना घोस सुटताच थोड्या दिवसांत नवा येतो. तेव्हा एका घोसातील अंडी ही तिची वर्षाची प्रजा समजणाऱ्याने तिच्या मातृत्वाचे मोल निम्म्याहून कमी धरले, असे होण्याचा संभव असतो.

अंडाशयाची परीक्षा बाहेरून होत नाही. कोळंबीचे कवच पारदर्शक, तिच्या पाठीवरून हिरवट अंडाशय उघड्या डोळ्यांनी दिसतो. शेवंडीचे कवच जाड आणि चुनखडीने भरलेले. म्हणून बंदरावर आलेल्या, आधीच मेलेल्या माद्यांपैकी काही उघडून पाहतात. कोवळ्या मादीचा अंडाशय पांढुरका, जवळजवळ पारदर्शक, दोऱ्यासारखा. मग साईच्या रंगाचा, मग पिवळा, मग नारिंगी, आणि पूर्ण पक्वावस्थेत पोवळ्याच्या गडद रंगाचा होऊन छातीची पोकळी भरून टाकणारा. अंडी घातल्यावर तोच ढिला, रिकामा, अधूनमधून चुकार अंडी राहिलेला. अंडाशयाच्या वजनाचे शरीराच्या वजनाशी शेकडा प्रमाण काढले म्हणजे या रंगांच्या साक्षीला आकड्याची पुष्टी मिळते. मुंबईच्या शेवंडीवर असा अभ्यास झालेला आहे. १९४७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या मुंबईतील शाखेत प्रभा कागवाडे यांनी तिच्या प्रजननावर केलेले काम १९८० च्या दशकात प्रसिद्ध झाले, आणि आपल्या किनाऱ्यावरील या जातीविषयी विचार करणाऱ्यास त्याकडे वळल्याशिवाय गत्यंतर नाही.

अमेरिकन लॉब्स्टरच्या अभ्यासकांनी मात्र न मारता आतली बातमी काढण्याची एक सुंदर युक्ती शोधली आहे. मादीची अंडी उपांगांना चिकटण्यात ज्यांचा वाटा असतो त्या ग्रंथी उपांगांच्याच पात्यात असतात आणि अंडी घालण्याच्या आधी काही काळ त्या फुगून स्पष्ट होतात. मादीच्या एका उपांगाचा इवलासा तुकडा कात्रीने कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर या ग्रंथींच्या विकासावरून ती येत्या हंगामात अंडी घालणार की नाही हे सांगता येते. त्याच तुकड्यावरील रोमांच्या मुळांशी त्वचा कवचापासून किती मागे सरली आहे हे पाहिले, तर कात टाकण्याची वेळही समजते. कॅनडातील एकेन आणि वॉडी या दोघांनी ही पद्धत शास्त्रशुद्ध पायावर उभी केली. तुकडा कापलेली मादी पुन्हा पाण्यात सोडता येते, आणि उपांग पुढील कातेत भरून येते. रक्षण आणि ज्ञान यांची एवढी चांगली सांगड क्वचितच जमते.

एवढ्या साऱ्या खुणा जमवण्याचा हेतू अखेरीस एका प्रश्नाकडे येतो: मादी कितव्या मापाला वयात येते? प्रत्येक मादीच्या पाठीच्या कवचाची लांबी, डोळ्यांवरील दोन शिंगांच्या मधल्या खाचेपासून कवचाच्या मागील काठाच्या मध्यापर्यंत, कॅलिपरने मोजतात. शेपटीसकट एकूण लांबी मोजू नये, कारण शेपूट दुमडते आणि दोन माणसांची मापे जुळत नाहीत. मग मापामापाचे गट पाडून प्रत्येक गटात वयात आलेल्या किती, हे पाहिले म्हणजे लहान गटांत शून्याजवळ असलेले प्रमाण मोठ्या गटांत शंभराकडे चढत जाते, आणि ज्या मापाला निम्म्या माद्या प्रौढ आढळतात ते माप त्या किनाऱ्याचे परिपक्वतेचे माप मानतात. येथेच परीक्षकाच्या सचोटीची कसोटी लागते. प्रौढ कोणाला म्हणायचे? अंडाशय पिकू लागलेल्या मादीला म्हटले तर माप लहान येते. पोटाखाली अंडी असलेलीलाच म्हटले तर मोठे येते, आणि हंगाम चुकला तर अवास्तव मोठे. शिवाय अंडीवाली मादी पुष्कळदा खडकाच्या कपारीत दडून राहते, भक्ष्यासाठी कमी हिंडते, आमिष लावलेल्या पिंजऱ्यात शिरत नाही. म्हणून पिंजऱ्यातल्या माद्या पाहून समुद्रातल्या माद्यांचा अंदाज बांधणे धोक्याचे. एका ठिकाणचे माप दुसरीकडे चालत नाही हेही खरे: अमेरिकन लॉब्स्टर सेंट लॉरेन्सच्या आखाताच्या उन्हाळ्यात तापणाऱ्या दक्षिण भागात लहान मापाला वयात येते, फंडीच्या थंड उपसागरात पुष्कळ मोठ्या मापाला. माझ्या मते एकाच आकड्यावर विसंबण्यापेक्षा रोम, लेप आणि अंडी या तिन्ही खुणांवरून वेगवेगळी मापे काढावीत, ती शेजारी शेजारी लिहावीत, आणि कायदा करताना त्यातले मोठे माप धरावे. समुद्राशी व्यवहार करताना चूक झालीच तर ती मादीच्या बाजूने व्हावी.

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर मेन या अमेरिकन संस्थानाचे उदाहरण सांगितले पाहिजे. तेथे १८७२ सालीच अंडीवाल्या माद्या पकडण्यास बंदी झाली. पण अंडी सुटली की बंदीची खूणही जाते. म्हणून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून तेथे अंडीवाली मादी सापडली की तिच्या शेपटीच्या पंख्याला एक त्रिकोणी खाच पाडून तिला सोडून देण्याचा शिरस्ता पडला, आणि खाच असलेली मादी, तिच्या पोटाखाली अंडी असोत वा नसोत, बंदराला आणणे गुन्हा ठरले. खाच कातेगणिक बुजत जाते, तरी काही वर्षे टिकते. प्रजननक्षमतेची परीक्षा एकदा एका मच्छीमाराने केली आणि तिचा दाखला पुढील प्रत्येक मच्छीमाराला मादीच्या अंगावरच वाचायला मिळाला, यातच या योजनेचे सामर्थ्य आहे. सरकारी शिपायाने प्रत्येक होडीवर बसण्याची गरज उरली नाही. अप्रामाणिकपणा कोठे नसतो? अंडी घासून काढून मादी विकणारेही तेथे निघाले; पण घासलेल्या मादीच्या रोमांवर अंड्यांच्या चिकट बंधाचे अवशेष राहतात, आणि ते शोधून काढण्याची रासायनिक चाचणीही अधिकाऱ्यांनी तयार केली.

आपल्या किनाऱ्यावर असा शिरस्ता पडला नाही, आणि त्याचे फळ चपट्या शेवंडीने भोगले. थेनस वंशाची ही शेवंड मुंबईच्या ट्रॉलरांना १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून चांगल्या प्रमाणात मिळू लागली. ससून डॉक आणि भाऊचा धक्का येथे तिची आवक एके काळी शेकडो टनांच्या घरात होती. तिची अंडी काटेरी शेवंडीपेक्षा मोठी आणि संख्येने फार कमी, म्हणजे प्रत्येक मादीचे मोल अधिक. ट्रॉलच्या जाळ्यात लहान-मोठी, अंडीवाली-बिनअंड्यांची, असा भेद नव्हता. १९९४ पर्यंत ही आवक इतकी घसरली की तिची गणती करण्यात अर्थ राहिला नाही. मुंबईच्या पाण्यातील या मासेमारीचा अंत झाला असे संशोधकांना लिहावे लागले.

पुढे २००३ साली भारत सरकारने शेवंडीच्या निर्यातीसाठी किमान वजने ठरवून दिली: आपल्या चिखलातल्या शेवंडीसाठी ३०० ग्रॅम, पॅन्युलिरस होमारससाठी २०० ग्रॅम, पॅन्युलिरस ऑर्नेटससाठी ५०० ग्रॅम आणि चपट्या शेवंडीसाठी १५० ग्रॅम. पाऊल योग्य दिशेचे होते. पण माप कवचाच्या लांबीचे न ठरवता वजनाचे ठरल्यामुळे त्यात एक उणीव राहिली, कारण अंडीवाल्या मादीच्या वजनात तिच्या अंड्यांचे वजनही धरले जाते, आणि जी मादी एरवी मापात बसली नसती ती आपल्याच संततीच्या भाराने विक्रीस पात्र ठरू शकते. शिवाय तो नियम निर्यातीपुरता होता.

येथे मच्छीमाराइतकीच जबाबदारी गिऱ्हाइकाची आहे. बाजारात शेवंड घेताना ती उलटी करून पाहावी; शेपटीखाली नारिंगी अथवा तपकिरी अंड्यांचा घोस दिसला तर ती कितीही स्वस्त मिळत असली तरी घेऊ नये, आणि का घेत नाही ते विकणाऱ्या कोळीणबाईंना नम्रपणे सांगावे. ज्या मालाला गिऱ्हाईक नाही तो जाळ्यातून सोडवून पुन्हा पाण्यात टाकणे कोळ्यालाही परवडते, आणि जिवंत असेपर्यंत टाकलेली मादी अंडी पुरी करू शकते.